टीम निघाली का?

सकाळचे साडेनऊ वाजलेत. तुमच्या वहीत आठ संघांची नावं आहेत, मैदानावर पाचच आलेत. चुन्याच्या रेघा मारून झाल्या, स्पीकरवाला 'चेक, चेक' करून कंटाळला, पंच तिसरा चहा पिताहेत. तुम्ही मोखाड्याच्या मंडळाचे सचिव. म्हणजे पावत्या फाडणार तुम्ही, ढाली आणणार तुम्ही, मांडववाल्याची उधारी ऐकून घेणार तुम्ही आणि बॅनरवर सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात नाव तुमचं. खोडाळ्याच्या कॅप्टनला पुन्हा फोन लावता. "दादा, निघालोच. घाटात आहोत." मागे कोंबडा आरवतो. घाटात कोंबडा कुठून आला, हे विचारायचं तुमच्या जिभेवर येतं; पण तुम्ही विचारत नाही, कारण तो रागावून आलाच नाही तर ड्रॉच कोलमडेल.

वही मिटा आणि चला. हे दुखणं नेमकं ओळखलेला एक माणूस दाखवायचा आहे आणि त्याच्या शेजारी बसून हेच काम पगार घेऊन करणारा दुसरा. दोघंही फुटबॉलवाले, दोघंही एकाच क्लबातले. साल १८८८, महिना मार्च.

साल बदललं की आधी रस्ता जातो. डांबर जातं, एसटी जाते, मोबाइलचा मनोरा जातो. राहते जंगलातून चढणारी पायवाट आणि बैलगाडीची चाकोरी. मोखाड्याशेजारचं जव्हार हे कोळी राजांचं, मुकणे घराण्याचं संस्थान, गादीवर चौथे पतंगशाह. जयविलास राजवाडा शोधू नका, तो पुढच्या शतकातला. उतारांवर राब भाजणं चालू आहे, निळसर धूर झाडांच्या शेंड्यांना अडकून राहिलाय. पहाटे वेचलेली मोहाची फुलं अंगणात वाळत पडलीत. पाऊस पडण्याआधी जमीन तयार व्हायला हवी, लाकूडफाटा घरात यायला हवा. या मुलखात शनिवार नावाचा वार आहे, पण शनिवारची दुपार अशी वेगळी काढून ठेवलेली कुणाकडे नाही.

बाजारात वाण्याच्या दुकानापाशी थांबा. मिठाच्या गोणीमागे कापडाची ठाणं रचलेली असणार आणि त्यांतली काही विलायती. एखाद्या धोतरजोडीवर रंगीत चित्राची चिठ्ठी चिकटवलेली दिसेल. तिच्या मागे मागे गेलं की मुंबईची गोदी लागते, सुएझचा कालवा लागतो आणि शेवटी लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न नावाचं धुरकट गाव. तिथले माग हिंदुस्थानसाठी धोतरं विणतात. धोतर नेसायचं कसं हे विणणाऱ्याला ठाऊक नाही, पण काठ मात्र बिनचूक काढतो.

आणि या विणणाऱ्याकडे शनिवारची दुपार आहे. कापडगिरण्यांसाठी १८५० साली केलेल्या कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला माग थांबवणं बंधनकारक झालं. पुढे वेळ आणखी अलीकडे आली, आणि इतर धंद्यांतल्या कामगारांनीही हळूहळू ही अर्धी सुट्टी पदरात पाडून घेतली. भोंगा झाला की हजारो माणसं रस्त्यावर येतात, खिशात आठवड्याचा पगार, पुढे चार-पाच तास मोकळे. त्यातले काही दारूच्या गुत्त्यात जातात. बरेचसे फुटबॉल बघायला जातात. इंग्लंडच्या उत्तरेत आणि मध्यभागात हा खेळ एवढा का फोफावला याची कारणं लोक रक्तात, हवेत, राष्ट्रीय स्वभावात शोधतात. मला विचाराल तर आधी भोंग्याची वेळ बघावी.

ब्लॅकबर्नहून आगगाडीनं दक्षिणेला बर्मिंगहॅम. पितळेची बटणं, बंदुका, पेनांच्या निबा, दागिने असं सगळं घडवणारं हे शहर. हवेला लोखंडाची आणि कोळशाची चव. समर लेन नावाचा रस्ता धरा. पाठीला पाठ लावून बांधलेली कामगारांची घरं, मधल्या चौकात सगळ्यांचा एकच नळ. त्या रस्त्यावर एका स्कॉटिश माणसाचं कापड दुकान आहे. आत जाऊन कोपऱ्यात उभे राहा. दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतो, तुमच्याकडे नाही.

वय चाळिशीच्या पलीकडे, भरघोस दाढी, अंगानं भक्कम. विल्यम मॅकग्रेगर. पर्थशायरमधल्या ब्रॅको गावचा, १८७० साली पोटापाण्यासाठी इथे आला. दारूला शिवत नाही, रविवारचं चर्च चुकवत नाही. फुटबॉल त्यानं स्वतः नावापुरताच खेळला असेल. तरी १८७७पासून तो ॲस्टन व्हिला क्लबाच्या समितीवर आहे. क्लबात स्कॉटिश पोरं होती, म्हणून हा स्कॉट तिकडे ओढला गेला. आपल्याकडे मुंबईतली गावकऱ्यांची मंडळं अशीच बांधली जातात.

त्याचे हात बघा. ठाण उचलून काउंटरवर आपटतो, दोन हिसड्यांत चार-पाच वार उलगडतो, कापडाची कड चिमटीत धरून उजेडाकडे करतो, गिऱ्हाइकाला विणीतला दोष आधीच दाखवतो आणि मग भाव सांगतो. कात्री चालवायच्या आधी पुन्हा एकदा मोजतो. या माणसानं पाच वार म्हटलं की पाच वारच मिळणार.

आज २ मार्च, शुक्रवार. दौत पुढे ओढून तो पत्र लिहायला बसतो. त्याच्या खांद्यावरून वाचा.

पत्र पाच ठिकाणी जाणार आहे: ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, प्रेस्टन नॉर्थ एंड, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि स्वतःच्याच ॲस्टन व्हिलाच्या सचिवाला. स्वतःच्या क्लबालासुद्धा रीतसर लेखी, हे टिपून ठेवा. मजकुराचा सूर सौम्य आहे. दरवर्षी सामने जमवणं क्लबांना अधिकाधिक जड जातंय. ऐन वेळी ठरलेले सामने फिसकटतात आणि मग बघण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा इंग्लंडमधल्या प्रमुख दहा-बारा क्लबांनी एकत्र येऊन दर हंगामात एकमेकांशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने ठरवून घ्यावेत, असं त्याला वाटतं. यानं फुटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेच्या कामात कुठलीही ढवळाढवळ व्हायची नाही, हेही तो आवर्जून लिहितो. शेवटी विचारतो, २३ मार्चला लंडनमध्ये अँडर्टन्स हॉटेलात मैत्रीपूर्ण बैठक घेतली तर चालेल का?

एवढंच. जगभरातल्या फुटबॉल लीगांचा उगम म्हणतात तो हा कागद, आणि त्यात पराक्रम, वैभव, भविष्य यांतलं काहीच नाही. तक्रार तुमचीच आहे: टीम येत नाही.

तक्रारीचं मूळ समजून घ्यायला दुकानातून निघा आणि उत्तरेला पेरी बारच्या वेलिंग्टन रोडवर या. व्हिलाचं मैदान इथे आहे. एका खाटकाकडून भाड्यानं घेतलेलं हे कुरण. सुरुवातीला मधोमध गवताची गंजी असायची आणि सामन्याआधी ती हलवावी लागायची. गोलजवळ उंचवटा, कडेला झाडांची रांग. इथल्या पहिल्या सामन्याचा गल्ला पाच शिलिंग तीन पेन्स भरला होता. आता फळ्यांचं कुंपण आहे, फाटक आहे, तिकिटं आहेत.

फाटकाशी उभा आहे तो जॉर्ज रॅम्झी. हाच तो दुसरा माणूस. हाही स्कॉट, ग्लासगोचा. १८७६ साली ॲस्टन पार्कातून जाताना व्हिलाची पोरं सराव करताना दिसली, एक गडी कमी होता म्हणून हा आत शिरला. चेंडू पायाला चिकटवून असा काही नाचवला की बाकीचे बघत राहिले. ही पोरं तोवर माणसावर धाव घ्यायची आणि चेंडू लांब हाणायचा, एवढंच जाणत होती. बघता बघता तो कर्णधार झाला. डोक्यावर छोटी गोल टोपी घालून खेळायचा. हे मैदान शोधून काढलं तेही त्याच्याच काळात. पुढे दुखापतीनं खेळ सुटला.

मग १८८६ साली वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. ॲस्टन व्हिला फुटबॉल क्लबाला व्यवस्थापक हवा; समितीच्या हुकमाखाली पूर्ण वेळ काम करावं लागेल; पगार सालाना १०० पौंड. त्या वेळच्या भावानं साधारण चौदाशे रुपये. दीडशेच्या आसपास अर्ज आले आणि जागा रॅम्झीला मिळाली. पुढची चाळीस वर्षं त्यानं ती सोडली नाही. फुटबॉल क्लबाचा पगारी व्यवस्थापक म्हणून जगात पहिलं नाव त्याचंच घेतलं जातं.

'समितीच्या हुकमाखाली' हे शब्द तुम्हाला टोचले असतील. टोचायलाच हवेत. संघ निवडणार समिती, खेळाडू घ्यायचा की नाही ठरवणार समिती, आणि मैदान ओलं राहिलं की तोंड दाखवायचं रॅम्झीनं. आजच्या टीव्हीवर हातवारे करणारा कोट-टायवाला मॅनेजर डोळ्यांपुढे आणू नका. रॅम्झीचा दिवस जातो पत्रांत, आगगाडीच्या वेळापत्रकात, गल्ल्याच्या हिशोबात आणि शुक्रवारी रात्री येणाऱ्या तारेच्या धास्तीत.

तार काय असते? 'उद्या येऊ शकत नाही.' कारण त्या काळात फुटबॉल म्हणजे चषक आणि मैत्रीचे सामने. चषक पुष्कळ: राष्ट्रीय, जिल्ह्याचा, शहराचा, धर्मादाय. समोरच्या क्लबाचा चषकाचा सामना बरोबरीत सुटला की पुढच्या शनिवारी तो पुन्हा खेळायचा, आणि तुमच्याशी ठरलेला मैत्रीचा सामना गेला वाऱ्यावर. कधी त्यांना दुसरीकडे जास्त गल्ल्याचं बोलावणं येतं. कधी येतात, पण दुसऱ्या फळीचा संघ घेऊन. पैसे दिलेलं पब्लिक बोंब मारतं. तुमच्याकडे असं झालं तर ढाल उरते, वडापाव उरतात, फार तर सरपंच नाराज होतात. रॅम्झीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या खेळाडूंना पगार चालू आहे.

त्यासाठी तीन वर्षं मागे सरकू. पैसे घेऊन खेळणं तोवर गुन्हा होता, म्हणजे गुपचूप चालायचं. एखादा स्कॉट गडी अचानक लँकेशायरच्या गिरणीत 'नोकरीला' लागायचा आणि शनिवारी संघात दिसायचा. १८८४ साली प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा तिथला सर्वेसर्वा विल्यम सडेल, स्वतः गिरणीचा मॅनेजर, सरळ कबूल झाला की हो, आम्ही पैसे देतो आणि सगळेच देतात. प्रेस्टनला राष्ट्रीय चषकातून बाहेर काढलं गेलं. मग क्लबांनी फुटून निघायची धमकी दिली आणि जुलै १८८५मध्ये संघटनेनं पगारी खेळाला मान्यता दिली. अट घातली: चषकात खेळायचं तर गडी मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला किंवा दोन वर्षं तिथे राहिलेला हवा. रहिवासाचे दाखले गोळा करणारे सचिव तेव्हापासूनचे; आधार कार्डाची झेरॉक्स मागणारे तुम्ही त्यांचेच वारस.

पगार कायदेशीर झाला आणि एक नवीच पंचाईत आली. पगार दर आठवड्याला द्यायचा, गल्ला मात्र सामना झाला तरच. तारीख फुकट गेली की तोटा ठरलेला.

आता या वर्षीच्या ७ जानेवारीला पेरी बारवरच डोकवा, म्हणजे दुसरी बाजू दिसेल. चषकाचा सामना, समोर प्रेस्टन. फाटकावर माणूस मावेना; पंचवीस हजारांच्या वर गर्दी. दोर तुटतात, लोक रेघेच्या आत येतात, खेळ थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. गर्दी मागे हटवायला घोडेस्वार सैनिकांची मदत घ्यावी लागते. प्रेस्टन ३–१ जिंकतं. चौकशीत ठपका यजमानांवर आणि निकाल प्रेस्टनच्या पदरात. व्हिला गतवर्षीचे चषकविजेते, आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात स्पर्धेबाहेर. पुढे वसंतापर्यंत काय? मैत्रीचे सामने आणि तारा.

म्हणजे माणसं बघायला यायला तयार आहेत, एवढी की आवरत नाहीत. खेळाडू आहेत, पगारावर आहेत. मैदान आहे. कमी आहे ती आधी जाहीर केलेल्या आणि मोडता न येणाऱ्या तारखेची. हे रॅम्झीला रोज जाणवत असणार, पण तो समितीच्या हुकमाखालचा. दहा क्लबांना एका टेबलाशी बसवायला धंद्यात स्वतंत्र, ओळखीपाळखीचा, शब्दाला पक्का म्हणून नाव असलेला कुणी लागतो. कापड दुकानदार मॅकग्रेगर तिथे उपयोगी पडतो.

२३ मार्च, शुक्रवार संध्याकाळ, लंडन. फ्लीट स्ट्रीटवरचं अँडर्टन्स हॉटेल. तारीख हुशारीनं निवडली आहे: उद्या चषकाची अंतिम लढत आहे, तेव्हा उत्तरेकडचे फुटबॉलवाले तसेही राजधानीत असणार. खोलीत लंडनचा एकही क्लब नाही. दक्षिणेत अजून पैसे न घेता खेळणाऱ्या साहेबलोकांचा पगडा आहे, त्यांना हे गिरणीवाले आणि दुकानदार जरा नकोसेच. बैठकीत तत्त्व मान्य होतं, तपशील पुढच्या खेपेला. दुसऱ्या दिवशी ओव्हलवर जा हवं तर. प्रेस्टनवाल्यांना जिंकायची इतकी खात्री होती, की सामन्याआधीच चषकासोबत फोटो काढू द्या म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. वेस्ट ब्रॉमविचनं त्यांना २–१ हरवलं. सडेलचा चेहरा बघण्यासारखा असेल.

१७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात मात्र पूर्ण वेळ बसा, कारण आज खरं काम आहे. आधी नावाचा वाद. मॅकग्रेगरला 'लीग' नको. आयर्लंडमधल्या जमिनीच्या आंदोलनाची लीग तेव्हा बदनाम होती. त्याच्या मनातलं 'युनियन' रग्बीवाल्यांनी आधीच उचललेलं. शेवटी सडेलनं सुचवलेलं 'फुटबॉल लीग' कायम होतं. मग किती क्लब घ्यायचे, हा प्रश्न. इथे तुमच्यासारखा वहीवाला माणूस खूश होईल. हंगामातले चषकांचे आणि इतर ठरलेले दिवस वजा केले की शनिवार उरतात बावीस. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, तर बारा क्लब. तेरावा बसत नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शेफील्ड वेन्सडे, हॅलिवेल दारात उभे आहेत. त्यांना नम्रपणे नकार. ॲक्रिंग्टन, ॲस्टन व्हिला, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, डर्बी काउंटी, एव्हर्टन, नॉट्स काउंटी, प्रेस्टन नॉर्थ एंड, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि वुल्व्हरहॅम्टन वाँडरर्स. सगळे मध्य इंग्लंडचे नाही तर लँकेशायरचे. मघाच्या भोंग्याच्याच मुलखातले. ठरलेल्या दिवशी यायचंच आणि पूर्ण ताकदीचा संघ आणायचा, असंही ठरतं.

अमर असे आकडे कॅलेंडरमधून निघतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

८ सप्टेंबरला पहिली फेरी. व्हिलाचा संघ शेजारच्या वुल्व्हरहॅम्टनला जातो आणि १–१ बरोबरीत परततो. आपल्याच गोलात चेंडू घालण्याचा मान व्हिलाच्या गर्शम कॉक्सला, आणि लीगमधला पहिला गोल म्हणून तोच कितीतरी वर्षं सांगितला जायचा. पुढे संशोधकांनी घड्याळं जुळवून बोल्टनच्या केनी डेव्हनपोर्टला तो मान दिला, कॉक्सच्या वंशजांना हायसं वाटलं असेल. आठवड्यानं, १५ तारखेला, रॅम्झीच्या फाटकावर या. पाहुणे स्टोक. शुक्रवारी तार नाही. शनिवारी आगगाडी वेळेवर, गडी अकरा, पहिल्या फळीचे. व्हिला ५–१ जिंकतं. निकाल पेपरात येईल. पाहुणे आले, ही बातमी कोण छापणार.

गंमत म्हणजे स्पर्धा सुरू झाली तेव्हा गुण कसे मोजायचे हेच पुरतं ठरलं नव्हतं. विजयाला दोन, बरोबरीला एक, हा निर्णय नोव्हेंबरात झाला. तुमच्याकडे कुणी नियमावली छापली नाही म्हणून आरडाओरडा करू लागला, तर हे सांगा. हंगाम संपला तेव्हा प्रेस्टन एकही सामना न हरता ४० गुणांनी पहिलं, व्हिला २९ गुणांनी दुसरं.

त्या तिघांचं पुढे काय झालं, तेही जाता जाता बघू. सडेलनं प्रेस्टनचा अजिंक्य संघ उभा केला तो कुणाच्या पैशानं, हे १८९५मध्ये उघडकीस आलं: गिरणीच्या खात्यांतून पाच हजार पौंडांहून जास्त रक्कम फिरवलेली. तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर दक्षिण आफ्रिकेत जाऊन क्रीडा पत्रकार झाला. मला त्याचा राग येत नाही, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण मंडळाच्या नादात स्वतःच्या घरचे किंवा मालकाचे पैसे घातलेली माणसं आपणही पाहिलेली असतात आणि त्यांच्या नावानं ढाल ठेवलेलीही असते.

त्याच १८९५मध्ये रॅम्झीवर भलतंच बालंट आलं. व्हिलानं चषक जिंकला होता. तो बूट-चेंडू विकणाऱ्या शिलकॉक नावाच्या बर्मिंगहॅमच्या दुकानदारानं शोभेसाठी काचेत मांडला आणि ११ सप्टेंबरच्या रात्री चोरीला गेला. कायमचा. व्हिलाला २५ पौंड दंड. त्यातून नवा चषक बनवला गेला, आणि तो घडवणाऱ्या कारखान्याचा मालक हॉवर्ड व्हॉटन म्हणजे व्हिलाचाच जुना खेळाडू. दंड क्लबाचा, धंदा क्लबाच्या माणसाचा. मंडळी कुठलीही असोत, हे जमतंच. दीड वर्षानं, १८९७च्या एप्रिलमध्ये, व्हिलानं लीग आणि चषक दोन्ही एकाच हंगामात घेतले आणि त्याच महिन्यात खाटकाचं कुरण सोडून आज व्हिला पार्क म्हणतात त्या मैदानावर संसार हलवला. रॅम्झीच्या कारकिर्दीत सहा लीग आणि सहा चषक आले. १९२६मध्ये तो उतरला.

मॅकग्रेगर लीगचा पहिला अध्यक्ष झाला, नंतर तहहयात सभासद. कापडही विकत राहिला. १९११ साली तो गेला, सडेलही त्याच वर्षी. आणि त्याच वर्षाच्या जुलैत कलकत्त्याला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती, बहुतेक गडी अनवाणी.

आता घराकडे वळा, पण सरळ जव्हारला नको. वाटेत मुंबई. १० जून १८९०. नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक, यांनी सहा वर्षांपूर्वी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. अर्ज, सभा, पुन्हा अर्ज, पुन्हा सभा. आज गिरणीमालकांनी मान्य केलं: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, गिरणी बंद. ब्लॅकबर्नच्या विणकराला शनिवारची दुपार मिळाल्याला चाळीस वर्षं उलटली होती. शिवाय रविवार त्याला पूर्वीपासून होताच. परळच्या विणकराला दर आठवड्याचा संपूर्ण मोकळा दिवस आज मिळतोय. पुढल्याच वर्षी, १८९१ला, मुंबईत रोव्हर्स चषक सुरू होतो. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट. त्या काळी तो गोऱ्या पलटणींचाच खेळ; पलटणीला पगार असतो, मोकळी संध्याकाळ असते आणि मैदानावर हजर राहायचा हुकूम असतो. गिरणगावात पोरं याच सुमारास रविवारी काय खेळू लागली याच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात हिंदी क्लब दिसायला १९२३ उजाडलं. मोहन बागान आलं आणि हरलं.

इंग्लंडच्या धर्तीवर देशभरातल्या क्लबांची राष्ट्रीय लीग भारतात १९९६ साली सुरू झाली. मँचेस्टरच्या त्या बैठकीनंतर १०८ वर्षांनी. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग आली, मुंबईला सिटी नावाचा संघ मिळाला. तुमचे जव्हार-मोखाडा त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्ह्यात आले. सुपर लीगमध्ये दिवे, संगीत, परदेशी खेळाडू, सामन्याच्या वेळा टीव्हीच्या सोयीनं.

शेवटचा थांबा २०२५चा पावसाळा. एखाद्या भारतीय क्लबाच्या कचेरीत शिरा. बाहेर पाऊस, आत वातानुकूलन, भिंतीवर गेल्या मोसमाचा संघाचा फोटो. जुलैमध्ये सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झालाय. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार डिसेंबरात संपतोय आणि नव्याचं ठरत नाही. काही क्लबांनी कामकाज थांबवलंय, खेळाडूंचे पगार रोखलेत. टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या हुद्द्याला आता मोठं इंग्रजी नाव आहे, पण त्याच्यापुढे पडलेला कागद तुम्ही चटकन ओळखाल: उभ्या रकान्यात क्लबांची नावं, आडव्या रकान्यात तारखा, आणि तारखांच्या चौकोनात काहीच नाही. क्लब एकत्र येऊन महासंघाला पत्र लिहिताहेत. हंगाम कधी सुरू होणार ते कळवा, असं विचारताहेत.

त्याला तुमची वही दाखवायचा मोह होईल. आवरा. खोडाळ्याचा फोन येतोय.